‘चाललंय’ हा शब्द बोर्डासमोर नको

नवी मुंबईतल्या घणसोलीहून एका वाचक ताईंचं पत्र आलंय. लांब आहे, थोडं कापून देते.

‘माझं वय 43. नऊ वर्षांपासून आमवात (संधिवाताचा एक प्रकार) आहे. घरी ब्लाऊज शिवायचे, फॉल-पिको करायचे. दीड वर्षापासून मशीनवर कापड टाकून ठेवलंय, कात्रीच धरवत नाही. मिस्टर हाऊसकीपिंगला सुपरवायझर आहेत, हातात 16 हजार येतात. सकाळी बोटं आखडलेली असतात, वेणी मुलगी घालून देते. सरकारी मदतीसाठी अपंगत्वाचा दाखला काढावा म्हणून एका दवाखान्यात गेले, तर खिडकीवर म्हणाले, “संधिवात अपंगात बसत नाही, हातपाय शाबूत आहेत की तुमचे.” सासूबाई म्हणतात, दुपारी तर तू हिंडतेफिरतेस, हा शिक्का कशाला मारून घेतेस. शेजारीण म्हणते, बोर्डाच्या (दाखल्यासाठी तपासणाऱ्या डॉक्टरांच्या) आधी आठ दिवस गोळ्या बंद कर, हात सुजलेले दिसले की टक्के वाढतात. एकजण वीस हजारांत 60 टक्क्यांचं करून देतो म्हणतोय. आधार कार्ड अजून गावचं आहे, पाटण तालुका. गोळ्यांची चिठ्ठी सोबत जोडलीय. मी काय करू? आणि जायचं झालं तर मुलीला नेऊ का? बारावीला आहे, कॉलेज बुडेल.’

ताई,

आधी गोळ्यांचं बोलते. बाकीचं महिनाभर थांबलं तरी चालेल, हे थांबणार नाही. गोळ्या बंद करू नका, एक दिवससुद्धा. तुमच्या चिठ्ठीवर आठवड्यातून एकदा घ्यायची मेथोट्रेक्सेट आहे आणि रोजची स्टेरॉइडची छोटी गोळी आहे. महिनोन्‌महिने स्टेरॉइड घेतलं की शरीर स्वतःचं स्टेरॉइड बनवायचं कमी करतं. अशी गोळी एकदम तोडली तर उलट्या, चक्कर, रक्तदाब खाली जाणं, थेट अॅडमिट व्हायची पाळी. मेथोट्रेक्सेट थांबवली तर आजार उसळतो, आणि त्या उसळीत सांध्याची जी झीज होते ती नंतर भरून येत नाही.

त्यात शेजारणीचं गणितही उलटं आहे. आठ दिवसांची सूज बोर्ड धरत नाही, त्यांना कायमचं किती गेलंय ते बघायचं असतं. सांधे लालबुंद, गरम, सुजलेले दिसले तर डॉक्टर काय म्हणतील? ‘आजार अजून आटोक्यात नाही, उपचार पूर्ण करा आणि पुन्हा या.’ नाहीतर तात्पुरता दाखला देतील, ठरावीक मुदतीचा. म्हणजे हात सुजवून घ्यायचे आणि फेरीही फुकट. उलट, तुमच्या नेहमीच्या डॉक्टरांना विचारा, ‘आता औषधाने जेवढं सुधारायचं तेवढं सुधारलंय का?’ ते हो म्हणाले की बोर्डाची वेळ झाली.

आता खिडकीवरचं. त्या माणसाने तुम्हाला अर्धं खरं सांगितलं. 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यात 21 प्रकार आहेत आणि त्यात संधिवात हा शब्द कुठेही नाही. पण त्या यादीत गुडघ्याची झीज नाही, अपघातात मोडलेलं हाडही नाही, तरी अशा लोकांना दाखले मिळतातच. कारण ते सगळे अस्थिव्यंग या एका प्रकारात मोडतात. कायद्याची व्याख्या साधी आहे: हाडं, सांधे, स्नायू किंवा नसा यांच्या बिघाडामुळे स्वतः हलणं किंवा वस्तू हलवणं जमत नसेल, तर ते अस्थिव्यंग. तुमची कात्री त्यात बसते. अर्ज भरताना प्रकार विचारतील तिथे ‘लोकोमोटर डिसॅबिलिटी’ निवडा. संधिवात हे कारण म्हणून खाली येईल.

म्हणून ती जाडजूड फाईल नेताना एक लक्षात ठेवा. आरए फॅक्टर, अँटी-सीसीपी, ईएसआर, हे रक्त तपासणीचे सगळे कागद आजार आहे एवढंच सांगतात. त्यावर टक्के मिळत नाहीत. रिपोर्ट पॉझिटिव्ह आणि हात ठणठणीत, अशीही माणसं असतात. टक्के मिळतात ते सांधा किती वळतो, किती जोर राहिलाय आणि त्या हाताने काय करता येतं यावर. डॉक्टरांकडे एक उपकरण असतं, शाळेच्या कंपासपेटीतल्या कोनमापकाला दोन दांड्या लावाव्यात तसं. ते सांध्यावर ठेवून किती अंशांत वळतो ते मोजतात. हाताच्या पकडी बघतात: अंगठा प्रत्येक बोटाच्या टोकाला लागतो का, किल्ली धरतात तशी चिमूट जमते का, तांब्यासारखी जाड वस्तू वेटाळून धरता येते का, चेंडूसारखं गोल काही पंजात मावतं का, पिशवी बोटांना अडकवून उचलता येते का. पायाचं बघताना सपाटीवर आणि उतारावर चालणं, जिना, एका पायावर उभं राहणं, वळणं, गुडघे टेकणं. शिवाय उकिडवं बसणं आणि मांडी घालणं. हे दोन्ही आपल्याकडच्या पद्धतीत मुद्दाम धरलेत, कारण आपलं निम्मं आयुष्य जमिनीवर जातं. तुम्ही शेवटची मांडी कधी घातलीत? आठवून ठेवा.

इथे मला माझ्या आईचं सांगायलाच हवं. ती ठाण्याला चेंदणीत राहायची, बोटांचा आणि गुडघ्यांचा संधिवात. बारा-तेरा वर्षांपूर्वी मी तिला दाखल्यासाठी एका सरकारी रुग्णालयात नेलं. आदल्या रात्री तिने इस्त्रीची साडी काढून ठेवली आणि सकाळी मला न सांगता दुखण्यावरच्या दोन गोळ्या घेतल्या. ‘चार लोकांत कण्हत चालणं बरं दिसत नाही गं.’ आत गेल्यावर डॉक्टर म्हणाले, ‘आजी, मूठ वळवा.’ तिने खालचा ओठ दातात धरला आणि वळवली. पूर्ण मूठ. मी बघत होते, अंगठा पांढराफटक पडला होता. ‘जिना चढता?’ ‘चढते की.’ प्रत्यक्षात ती एकेका पायरीवर दोन्ही पाय टेकवत, कठड्याला लोंबकळत चढायची आणि उतरताना पाठमोरी उतरायची. ‘घरकाम?’ ‘चाललंय.’ सहा-सात मिनिटांत आम्ही बाहेर. 28 टक्के. रिक्षात बसल्यावर ती मूठ तिला उघडेना, मी एकेक बोट सोडवलं. डॉक्टरांची चूक नव्हती, तिने सांगितलं ते त्यांनी लिहिलं. मी शेजारी उभी होते आणि तोंड उघडलं नाही, त्याचं मला आजही वाईट वाटतं.

म्हणून सांगते, चाललंय हा शब्द बोर्डासमोर काढू नका. ‘ठीक आहे’, ‘थोडा त्रास होतो’, ‘जमतं कसंबसं’, हेही त्याचेच भाऊबंद. काय जमत नाही ते कामाच्या नावाने सांगा. ‘कणीक मळत नाही, मुलगी मळते.’ ‘दोन पोळ्या लाटल्या की हात खाली ठेवावा लागतो.’ ‘कुकरचं झाकण लावता येतं, काढता येत नाही.’ ‘हुक-बटण लागत नाही म्हणून गाऊन घालते.’ ‘कात्री दीड वर्षात धरलेली नाही.’ एक जुनी वही घ्या आणि पंधरा दिवस रोज दोन ओळी लिहा: किती वाजता उठले, बोटं किती वाजता मोकळी झाली, कुठलं काम कोणाकडून करून घेतलं. त्या वहीला बोर्ड गुण देणार नाही. पण आयत्या वेळी जीभ अडखळते, तेव्हा ती वही तुम्हाला आठवण करून देईल.

सासूबाईंना यातूनच उत्तर मिळेल. आमवातात सकाळची आखड तासतासभर, कधी त्याहून जास्त राहते आणि हालचाल झाली की सैल पडते. तुम्ही दुपारी हिंडता ते बरोबरच आहे, ती तुमची दिवसातली सगळ्यात चांगली वेळ. पंचाईत अशी की बोर्डाला तुमचा नंबर लागतो तोही साधारण तेव्हाच! त्यामुळे सकाळचं चित्र तुम्हालाच शब्दांत उभं करावं लागणार. शिक्क्याचं म्हणाल तर कार्ड पाकिटात राहतं, दारावर लावत नाही कोणी.

आणि सगळे सांधे सांगा. हा मुद्दा फार बायका चुकवतात. हात नेले दाखवायला, म्हणून हातच दाखवतात. गुडघा, खांदा, घोटा राहून जातो. टक्क्यांची बेरीज सरळ होत नाही, तिचं सूत्र आहे. मोठा आकडा पूर्ण धरतात आणि लहान आकडा 90 मधल्या उरलेल्या हिश्श्यावर लावतात. हाताचे 30 आणि पायाचे 20 निघाले तर 50 होत नाहीत, साधारण 43 होतात. 25 आणि 15 ची बेरीज कागदावर 40 दिसते, सूत्राने ती 36 च्या आत राहते. आणि बहुतेक सवलतींचा उंबरठा 40 आहे. म्हणजे न सांगितलेला एक गुडघा तुम्हाला उंबरठ्याच्या बाहेर ठेवू शकतो.

वाढवून मात्र सांगू नका. डॉक्टर स्वतः तुमचा सांधा धरून वळवून बघतात, एक्स-रे समोर असतो, आणि तुम्ही बाहेर बाकावर बसून मोबाइल कसा धरलाय तेही दिसतं. त्या वीस हजारवाल्याला तर आजच नाही म्हणून सांगा. अर्ज करायला सरकारी फी नाही. खोट्या दाखल्यावर लाभ घेतला तर त्याच कायद्यात दोन वर्षांपर्यंत कैद, एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही आहे. त्यात अडकणार तुम्ही, तो नाही. शिवाय तुमचा हात खरोखर अधू आहे. खऱ्या गोष्टीसाठी खोटा कागद कशाला?

अर्जाचं थोडक्यात. आता दाखला आणि यूडीआयडी कार्ड, म्हणजे दिव्यांगांचं ओळखपत्र, एकाच ठिकाणी होतं, केंद्र सरकारच्या ‘स्वावलंबन’ पोर्टलवर. मुलगी मोबाइलवरून भरू शकेल, नाहीतर ‘आपले सरकार’ सेवा केंद्रात जा. आधार, फोटो, सही किंवा अंगठा आणि पत्त्याचा पुरावा लागतो. इथे तुमचं पाटणचं आधार आडवं येईल. घणसोली-कोपरखैरणेत अर्ध्या घरांची हीच गोष्ट आहे, माणूस तीस वर्षं इथे आणि कार्ड गावाला. अर्ज राहत्या जिल्ह्यात किंवा जिथे उपचार चालू आहेत तिथल्या रुग्णालयात करता येतो हे खरं, पण पुढे महापालिकेच्या योजनेला इथल्या रहिवासाचा पुरावा लागणारच. तेव्हा आधी आधारवरचा पत्ता बदला. त्याच वेळी बोटांचे ठसेही बघून घ्या. वाकलेल्या बोटांचे ठसे मशीन पुष्कळदा घेत नाही आणि मग रेशनपासून बँकेपर्यंत सगळीकडे अडतं. ठसा उमटत नसेल तिथे बुबुळावरून ओळख पटवता येते, तसं आग्रहाने सांगा.

जिल्हा निवडताना तुम्हाला ठाणे. ऐरोलीपासून बेलापूरपर्यंतची नवी मुंबई ठाणे जिल्ह्यात येते. खारघर, कामोठे, कळंबोलीच्या वाचकांनी मात्र रायगड निवडायचा, तिथे महापालिकाही पनवेलची. हा घोळ करून चुकीच्या जिल्ह्यात अर्ज टाकलेले लोक मी पाहिलेत. जिल्हा निवडला की रुग्णालयांची यादी उघडते. त्यातलं ट्रान्सहार्बर लोकलने सोयीचं पडेल ते घ्या आणि अस्थिव्यंगाचा बोर्ड कोणत्या वारी बसतो ते आधी फोन करून विचारा. जाताना हातापायांचे ताजे एक्स-रे आणि तुमच्या डॉक्टरांचं एक पत्र न्या. त्या पत्रात आजार कधीपासून, कुठले सांधे वाकडे झालेत, कुठली औषधं किती वर्षं चालू आहेत, एवढं असावं.

कार्ड तीन रंगांत येतं. 40 च्या खाली पांढरं, 40 ते 80 च्या आत पिवळं, 80 आणि वर निळं. मिळालेले टक्के पटले नाहीत तर कायद्याच्या कलम 59 खाली अपील करता येतं. आम्ही आईच्या वेळी केलं नाही. तुम्ही करा, आणि करायचं तर रेंगाळू नका.

आता पैशाचं. तुमचं सगळं पत्र त्यासाठीच आहे, म्हणून गोड बोलत नाही. संजय गांधी निराधार योजनेत दिव्यांगांना ऑक्टोबर 2025 पासून महिना 2,500 रुपये आहेत, पण कुटुंबाचं उत्पन्न वर्षाला 50 हजारांच्या आत हवं. तुमच्या मिस्टरांचे 16 हजार गुणिले बारा म्हणजे 1 लाख 92 हजार. तुम्ही बसत नाही. कोणी उत्पन्नाचा दाखला कमी करून देतो म्हणेल, तोही त्या वीस हजारवाल्याचाच भाऊ समजा. लाडकी बहीण योजनेची मर्यादा अडीच लाख आहे, त्यात तुम्ही बसता. ते दीड हजार येत असतील तर नीट चालू ठेवा, येत नसतील तर का येत नाहीत ते बघा. (ज्या वाचक बायका एकट्या आहेत, विधवा आहेत, ज्यांचं उत्पन्न खरंच 50 हजारांच्या आत आहे, त्यांनी संजय गांधीचा अर्ज तहसील कार्यालयात करायचा. नवी मुंबईच्या ठाणे जिल्ह्यातल्या भागासाठी तहसील ठाण्याचं. दोन्ही योजनांचे पैसे एकदम मिळत नाहीत. आणि दरवर्षीचा हयातीचा दाखला विसरू नका, त्याच्यावाचून हप्ते थांबलेले मी बघितलेत.)

मग 40 टक्क्यांचं कार्ड तुम्हाला काय देईल? पहिली गोष्ट महापालिका. स्थानिक संस्थांना उत्पन्नाचा पाच टक्के निधी दिव्यांगांसाठी ठेवावा लागतो, त्यातून समाजविकास विभाग योजना चालवतो. योजना आणि तारखा दरवर्षी बदलतात, म्हणून कार्ड हातात आलं की थेट विभागात जाऊन चालू वर्षाचा अर्ज मागा. ऐकीव माहितीवर जाऊ नका. दुसरं, केंद्राच्या एडिप योजनेतून काठी, वॉकर, हाताला-मनगटाला आधाराचे पट्टे अशी साधनं मिळतात. महिना उत्पन्न 22,500 पर्यंत असेल तर फुकट, आणि तुमचं त्याच्या आत आहे. मनगटाच्या पट्ट्याला नाक मुरडू नका, चांगल्या पट्ट्यावर तुम्ही कदाचित पिको पुन्हा कराल.

प्रवासात एसटीत बायकांना मार्च 2023 पासून अर्धं तिकीट आहेच; दिव्यांग कार्डावर पाऊण भाडं माफ होतं, पाटणच्या फेरीला तेवढाच फरक. लोकलच्या दिव्यांग डब्यात चढताना कार्ड जवळ ठेवा. रेल्वेच्या लांबच्या तिकिटाची सवलत ज्यांना सोबतीशिवाय प्रवास जमत नाही अशांना मिळते. तिचा दाखला रेल्वेच्या नमुन्यात वेगळा घ्यावा लागतो, तेव्हा बोर्डाच्या दिवशीच डॉक्टरांना विचारून घ्या. नोकरी करणाऱ्या वाचकांसाठी एवढंच की जुन्या करपद्धतीत 40 टक्क्यांना 75 हजारांची आणि 80 टक्क्यांना सव्वा लाखाची वजावट आहे. तुम्हाला तिचा उपयोग नाही.

राहिला शेवटचा प्रश्न. मुलीला न्याच. एक दिवस कॉलेज बुडालं तर बुडू दे. तिला आधी सांगून ठेवा की आईने आत गेल्यावर ‘जमतं हो’ म्हटलं तर मध्ये बोलायचं. रोज सकाळी वेणी कोण घालतं, डबा कोण उघडून देतं, हे डॉक्टरांना तिच्या तोंडून ऐकू दे. आणि त्या दिवशी सकाळी तुमच्या नेहमीच्या गोळ्या नेहमीच्या वेळी घ्या, कमी नाही की जास्त नाही.